ब्रिटपॉपने अमेरिकन प्रभाव झुगारून आपली ब्रिटिश ओळख कशी जपली? आपल्याकडच्या बँडना त्यातून काही शिकता येईल का?

झुगारला कुठं? ब्रिटपॉप म्हणजे नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गिटार बँडांची लाट, आणि त्यातले दोन सगळ्यात गाजलेले बँड म्हणजे ब्लर आणि ओएसिस. त्यांत ब्लर भारी की ओएसिस भारी असल्या प्रश्नांच्या वाटेला मी आता जात नाही, पण हा तुमचा प्रश्न मला इंग्लंडातल्या लेस्टरमधे एका माणसानं जवळपास असाच तोंडावर फेकला होता, प्रश्न म्हणून नाही, निकाल म्हणून. त्यामुळे लिहितोय, आणि लांबणार आहे.

बेसिक तुम्हाला माहीत असणारच, पटकन उरकतो. १९९२ मधे ब्लर अमेरिकेच्या टूरवर गेले, तिकडं सगळीकडं निर्वाना हा अमेरिकन बँड, ह्यांना कुत्रं विचारेना. ब्लरचा गायक डेमन आल्बर्न घरच्या आठवणीनं हैराण होऊन किंक्स हा साठच्या दशकातला इंग्लिश बँड ऐकत बसला आणि १९९३ ला ब्लरचा 'मॉडर्न लाइफ इज रबिश' हा अल्बम आला. त्याच वर्षी एप्रिलमधे सिलेक्ट मासिकानं कव्हरवर स्वेड बँडचा गायक ब्रेट अँडरसन, मागं युनियन जॅक म्हणजे ब्रिटनचा झेंडा आणि 'यँक्स गो होम', अमेरिकनांनो घरी जा, असं छापलं. मग ब्लरचा 'पार्कलाइफ' अल्बम, मग १४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओएसिसचे सिंगल एकाच दिवशी, खप ब्लरचा २ लाख ७४ हजार, ओएसिसचा २ लाख १६ हजार, थेट टीव्हीच्या बातम्यांत. १९९७ मधे ओएसिसचा नोएल गॅलघर पंतप्रधान टोनी ब्लेअरच्या पार्टीला १० डाउनिंग स्ट्रीटवर. हे झालं पोस्टरवरचं व्हर्जन.

आता गिटार घ्या आणि ओएसिसचं 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' वाजवा. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, टी. रेक्स बँडच्या १९७१ च्या 'गेट इट ऑन'चा आहे हे शाळकरी पोरगंही सांगेल. आणि टी. रेक्सच्या मार्क बोलननं तो घेतला चक बेरीच्या १९५९ च्या 'लिटल क्वीनी'वरून, चोरून नाही, गाणं संपता संपता बोलन त्या गाण्यातली ओळच म्हणतो, हेडफोन लावून ऐका. म्हणजे १९९४ च्या मँचेस्टरचं ते सगळ्यात मँचेस्टरी गाणं अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या एका काळ्या माणसाच्या हातातून आलंय. त्याच्याही मागं गेलात तर ब्रिटिश गायक लॉनी डोनेगन, लेडबेली ह्या काळ्या अमेरिकन गायकाचं ऐकून 'रॉक आयलंड लाइन' गायला, १९५६ च्या सुरुवातीला चार्टवर आला आणि इंग्लंडातल्या पोरांनी गिटारी घेतल्या, त्यातलंच एक टोळकं म्हणजे लिव्हरपूलचे क्वारीमेन, पुढचे बीटल्स. आणि युनियन जॅक रंगवलेली गिटार कोणाची, तर नोएलची, ज्याचे आईवडील दोघंही आयर्लंडहून आलेले. ब्लरचा ग्रॅहम कॉक्सन जन्मला पश्चिम जर्मनीत.

मग ब्रिटिश होतं काय? तर उच्चार आणि शब्द. अमेरिकन नाक न लावता आपल्या गल्लीच्या तोंडानं गाणं, 'पार्कलाइफ'च्या कव्हरवर कुत्र्यांच्या शर्यती, आणि गाण्यात सुट्टीला ग्रीसला जाऊन घातलेला धिंगाणा, श्रीमंताच्या पोरीला गरिबीची हौस वगैरे. पल्पचं 'कॉमन पीपल' तर मला अख्ख्या लाटेतलं सगळ्यात ब्रिटिश गाणं वाटतं आणि त्यात झेंड्याचा पत्ता नाही, नुसता क्लासचा राग आहे. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच. पुढचं माझं आहे.

२०१२ ला मी लेस्टरला होतो. ऑफिसातल्या तिघाचौघांचा कव्हर बँड होता, मी ऱ्हिदम गिटार. जूनमधे राणीची डायमंड ज्युबिली, पबवाल्यानं छतभर तोरणं लावलेली, आम्हाला सांगितलं की त्या रात्री फक्त ब्रिटिश गाणी. ठीक. सेट बनवायला बसलो, किंक्स, टी. रेक्स, ओएसिस, ब्लर. मी म्हटलं कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' घेऊया, तीन कॉर्डचं गाणं, पब उठून नाचेल, शिवाय बँड ह्याच लेस्टरमधे सुरू झालेला. आमचा गायक, म्हणजे ऑफिसातला माझा सीनियर, शांतपणे म्हणाला, थीम ब्रिटिश आहे रे, ते वर्ल्ड म्युझिक, म्हणजे बाहेरच्या देशांतलं संगीत, झालं. मी हसलो, मला वाटलं गंमत करतोय. पण त्याचा चेहरा अगदी साधा होता. आणि मग त्यानं स्वतःची सूचना मांडली, कुला शेकर ह्या इंग्लिश बँडचं 'गोविंदा'.

'गोविंदा' माहीत नसेल तर सांगतो, १९९६ चं, पहिल्या दहात गेलेलं, आणि सगळंच्या सगळं संस्कृत. एक इंग्रजी शब्द नाही. गाणारा क्रिस्पियन मिल्स, नट सर जॉन मिल्सचा नातू. ते ब्रिटिश. आणि इंग्लंडातल्याच वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मलेला कॉर्नरशॉपचा तजिंदर सिंग इंग्रजीत गातो ते वर्ल्ड. वर आमचा गायक मला म्हणतो, तू मागं कोरस धर, तुला येतच असेल, आणि माझे उच्चार जरा बघून दे. मी बघून दिले. 'जय जय'चा 'य' त्याच्या जिभेवर बसेना, सगळ्या प्रॅक्टिसमधे मी मास्तरासारखा घोटवून घेत होतो, आणि आतून जळत होतो.

हे फक्त त्याच्या डोक्यातलं होतं असंही नाही. गावातल्या एका सेकंडहँड रेकॉर्डच्या दुकानात कॉर्नरशॉप वर्ल्डच्या खोक्यात आणि कुला शेकर रॉकच्या, मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, लोक तिथेच शोधतात.

बरं 'ब्रिमफुल' नीट ऐका. त्यात आशा भोसले आहेत, लता मंगेशकर, रफी, ऑल इंडिया रेडिओ. आणि त्याच दमात फर्ग्युसनचा मोनो म्हणजे इंग्रजांच्या घरातला प्लेयर, फ्रान्सचा जाक द्युत्रॉन, जमैकन गाणी काढणारी लंडनची ट्रोजन कंपनी, आणि बोलन! तोच बोलन ज्याचा रिफ ओएसिसनं घेतला. वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या एका पोराच्या घरी आणि शेजारी ज्या ४५ च्या तबकड्या फिरत असतील त्यांची यादी आहे ती. ह्याच्याइतकं ब्रिटिश गाणं त्या दशकात दुसरं कुणी लिहिलं असेल तर दाखवा. १९९७ च्या ऑगस्टमधे आलं तेव्हा साठाव्या नंबरवर अडकलं, बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र वर्षअखेरच्या यादीत एक नंबर दिला, आणि डीजे नॉर्मन कुकनं वेग वाढवून रीमिक्स केल्यावर फेब्रुवारी १९९८ ला चार्टवरही एक नंबर. सांगलीत जन्मलेल्या बाईंचं नाव अख्खं इंग्लंड ओरडत होतं. त्याच अल्बमच्या शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत आहे. जॉर्ज हॅरिसननं १९६५ ला त्या गाण्यात सतार घातली, आणि कॉर्नरशॉप म्हणाले आण इकडं.

आता किंक्स. ब्रिटपॉपचे आजोबा, सगळ्यात अस्सल इंग्लिश बँड म्हणून ज्यांचा फोटो पुजतात ते. १९६५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना ते मुंबईत एक रात्र थांबले. पहाटे किंक्सचा गायक रे डेव्हिसला जाग आली आणि किनाऱ्यावर जाळी घेऊन कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं कानावर पडलं. त्यातून आलं 'सी माय फ्रेंड्स', जुलै १९६५, पहिल्या दहात गेलेलं, आणि ते 'नॉर्वेजियन वुड'च्या आधीचं आहे, डिसेंबरपर्यंत बीटल्सची सतार कुणी ऐकली नव्हती. किंक्सनी सतार आणलीच नाही, गिटारच एका सुरावर गुणगुणत ठेवली आणि वर तो आवाज लांबवत, जरा नाकात.

मी वेसाव्याचा कोळी आहे. त्यामुळे हे मला कसं लागलं असेल तुम्हीच बघा. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आईला फोनवर सांगितलं की इंग्रजांच्या एका मोठ्या बँडनं कोळ्यांचं ऐकून गाणं केलंय, तर म्हणाली, वेसाव्याचेच असतील, वरळीवाले एवढ्या पहाटे उठतायत होय! कुठले होते ते कुणी लिहून ठेवलं नाही, मीही हक्क सांगत नाही. पण ज्युबिलीच्या सेटमधे 'सी माय फ्रेंड्स' होतं, गायकाच्याच आग्रहानं, 'अस्सल इंग्लिश उदासी' म्हणून. तेव्हा मात्र मी गप्प बसलो नाही, प्रॅक्टिस थांबवून सगळं सांगितलं. ड्रमरची आजी जमैकाहून आलेली, तो खो खो हसायला लागला. गायक म्हणाला, इन्स्पिरेशन कुठूनही येतं, गाणं कोण करतं ते महत्त्वाचं. मग तजिंदर सिंगनं केलेलं गाणं कोणाचं? ह्यावर तो घड्याळ बघायला लागला.

ठरलं काय, तर वेळ उरला तर 'ब्रिमफुल' घेऊ. वेळ उरला नाही. 'गोविंदा' झालं, टाळ्या पडल्या, उच्चार बरे होते. मी अँप गुंडाळत होतो तेव्हा पबच्या डीजेनं नॉर्मन कुकचं रीमिक्स लावलं आणि पहिला नाचायला लागलेला माणूस म्हणजे आमचा गायक, हातात पाइंट, सगळे शब्द पाठ. मी त्या बँडमधून पुढं बाहेर पडलो, कारण विचारलं तर कामाचं सांगितलं.

तर माझं म्हणणं असं की ती भानगड संगीताची कधीच नव्हती, झेंडा कोणी हातात घ्यायचा ह्याची होती. आयरिश पोरांनी घेतला तर कौतुक, आणि कॉर्नरशॉपनी विचारलं की आमचं काय, तर वेगळं खोकं. गायक मॉरिसीच बघा, तोही आयरिश आईबापाचा, १९९२ च्या ऑगस्टमधे फिन्सबरी पार्कला स्टेजवर युनियन जॅक घेऊन नाचला, तेव्हा तिकडच्या गल्ल्यांमधे आशियाई लोकांना मारणारी टोळकी तोच झेंडा घेऊन फिरायची. कॉर्नरशॉपनं ईएमआय ह्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसबाहेर त्याची पोस्टरं जाळली. १९९३ ला पहिली रेकॉर्ड काढली ती करीच्या रंगाच्या तबकडीवर. मला तो विनोद अजून आवडतो.

आता थोडं सावरून घेतो, नाहीतर खाली कमेंटमधे तुटून पडाल. सगळंच बाहेरचं होतं असं नाही. म्युझिक हॉलची, म्हणजे तिकडच्या करमणुकीच्या थिएटरांतली, जुनी गाणी, त्यांचा तो ठेका, विनोदी पात्रं, हे घरचंच आहे आणि किंक्स, ब्लर दोघांत भरपूर आहे. किंक्सचं इंग्लिशपणही निम्मं सक्तीचं, अमेरिकेतल्या वादकांच्या युनियननं १९६५ पासून चारेक वर्षं त्यांना तिकडं वाजवूच दिलं नाही, मग माणूस आपल्याच अंगणाकडं बघणार. मुंबईच्या पहाटेची गोष्टही रे डेव्हिसनं स्वतः सांगितलेली, दुसरा साक्षीदार नाही, मी ती मानतो कारण मला मानायची आहे. आणि कुला शेकरवर माझा राग नाही, मिल्स मनापासून त्यात होता असंच मला वाटतं, राग दुकानातल्या खोक्यांवर आहे. वेल्सचे, स्कॉटलंडचे बँड तर मी सोडूनच दिले, वेल्सच्या सुपर फरी अॅनिमल्सनी २००० ला अख्खा अल्बम वेल्श भाषेत काढला, तो ब्रिटिश की नाही हे त्या गायकाला विचारायचं राहिलं.

आणि ज्यानं 'अमेरिकेपासून वाचवा' म्हणून सुरुवात केली त्या ब्लरनं १९९७ ला काय केलं, कॉक्सनच्या नादानं पेव्हमेंटसारखे अमेरिकन बँड ऐकून 'साँग २' काढलं आणि अमेरिकेत चाललं तेच. आल्बर्न पुढं मालीला गेला, आणि त्याच्या दुसऱ्या बँडच्या, गोरिलाझच्या, 'द माउंटन' अल्बममधे त्याच्याबरोबर चक्क आशाताई आहेत. कव्हरवर देवनागरीत 'पर्वत'. लेस्टरमधला तो दुकानदार आता हा अल्बम कुठल्या खोक्यात टाकतो बघायचंय.

आपल्याकडच्या बँडचं विचारलंत. मला फारसं कळत नाही, पण ढोलकी घातली की मराठी आणि डिस्टॉर्शन लावलं की परदेशी असं जो म्हणेल त्याला आमच्याकडच्या हळदीला घेऊन या. कोळी लग्नात ट्रंपेट-क्लॅरिनेटचा ब्रास बँड वाजतो, तो गोऱ्यांच्या पलटणीतून आला. मुंबईत ज्याला आपण बँजो म्हणतो, गणपतीत वाजतो तो, त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ चं नागोयातलं वाद्य. ते वाजताना कुणी येऊन म्हणत नाही की हे कोळ्यांचं नाही. तेव्हा सूर कुठूनही उचला, पण गाण्यातली माणसं कुठल्या स्टेशनला उतरतात ते मला ऐकताना कळलं पाहिजे, आणि ज्याच्याकडून उचललं त्याचं नाव सांगा. आणि बँडमधे कुणी तुम्हाला सांगितलं की तुमचं गाणं थीममधे बसत नाही, तर त्याच्याच सेटलिस्टमधलं एकेक गाणं उघडून दाखवा, प्रॅक्टिस बुडाली तरी चालेल. आणि त्याचे उच्चार फुकट सुधारून देऊ नका.