वाचकांचे प्रश्न : पाहुण्याला पुस्तकाबद्दल बोलतं कसं करावं?

गावोगावच्या वाचनालयांत पाहुण्यांना बोलावून त्यांच्या आवडत्या पुस्तकांवर गप्पा होतात. त्याबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दर महिन्याला ‘मला घडवणारं पुस्तक’ हा कार्यक्रम होतो. पाहुणे चांगले येतात, पण सगळे तीच तीन-चार नावं घेतात आणि थोड्या वेळात गप्पांचं भाषण होतं. प्रश्न कसे विचारावेत? (देवगड)

उत्तर : ‘तुम्हाला घडवणारं पुस्तक कोणतं?’ असं ऐन व्यासपीठावर विचारलं की माणूस चारचौघांत शोभेल असं नाव सांगतो. ‘श्यामची आई’ हे उत्तर खोटं असतं असं नाही. १९३५पासून ते घरोघरी वाचलं जातंय, आणि त्यातलं पालगड तर आपल्या दापोली तालुक्यातलंच. पण ‘फार संस्कार झाले’ एवढं बोलून झालं की पुढे विचारायला काही उरत नाही. म्हणून पुस्तकाच्या थोरवीबद्दल विचारू नका. पाहुण्याने वाचलेल्या त्या एका प्रतीबद्दल विचारा.

याची तयारी आठ-दहा दिवस आधी, फोनवर करायची. वीस मिनिटं पुरतात. तीन पुस्तकं विचारून घ्या : पंधराव्या वर्षाच्या आत वाचलेलं एक, कामधंद्यात उपयोगी पडलेलं एक आणि अर्धवट टाकून दिलेलं एक. दुसऱ्या जागी कथा-कादंबरी क्वचितच येते. बागायतदार कलमांवरची कृषी विद्यापीठाची पुस्तिका सांगेल, परिचारिका शरीरशास्त्राचं पाठ्यपुस्तक. हीच उत्तरं सोन्यासारखी, कारण त्यांच्यावर कुणी आधी भाषण केलेलं नसतं. तिसऱ्या पुस्तकावर माणूस मोकळा होतो. न आवडल्याची कारणं पाठ केलेली नसतात.

फोनवर एक पथ्य पाळा. पाहुणा प्रसंग रंगवून सांगू लागला की ‘हे त्या दिवशी ऐकू’ म्हणून थांबवा. एकदा पुरता सांगितलेला प्रसंग दुसऱ्यांदा सांगताना आटोपता होतो, आणि ‘मी मघाशी म्हटलं तसं’ हे शब्द श्रोत्यांसमोर येतात.

मुलाखत घेणाऱ्याने तिन्हींपैकी निदान दोन पुस्तकं वाचलेली हवीत. जुनी आवृत्ती मिळत नसेल तर रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या (स्थापना १८२८) जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. टिपणात पान क्रमांक लिहू नका, प्रकरण लिहा. आवृत्ती बदलली की पानं सरकतात आणि व्यासपीठावर दोघं दोन वेगळ्या ठिकाणी शोधत बसतात.

आता प्रश्नांचा क्रम. आधी साधी माहिती विचारा : पुस्तक कुणी दिलं, विकत घेतलं की मागून आणलं, वाचायला कुठे बसत होता, पडवीत, माळ्यावर की एसटीत? मग मजकुराकडे वळा : कुठल्या प्रकरणाशी थांबलात, कुणाशी वाद घातलात? ‘आज वाचताना काय खटकतं?’ हा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवा. उदाहरणार्थ, ‘ययाति’. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, त्यामुळे सिंधुदुर्गातला पाहुणा हे नाव ममत्वाने घेतो. कादंबरी १९५९ची, आणि ती ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितलेली आहे. तेव्हा ‘विशीत तुम्ही कुणाच्या बाजूने होता, आणि आता कुणाच्या?’ असं विचारता येतं. ‘कादंबरी आवडली का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ एवढंच येणार.

एका वाक्यात दोन प्रश्न घालू नका, उत्तर फक्त दुसऱ्याचं मिळतं. उत्तर संपलंसं वाटलं तरी मनात चारपर्यंत मोजा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या चार अंकांनंतर येते.

भाषण व्हायला निम्मी कारणं बैठकीत असतात. पोडियम आणि उभा माईक हलवा. दोन खुर्च्या एकमेकींकडे किंचित वळवून ठेवा. पाहुणा श्रोत्यांकडे वळून ‘आजची तरुण पिढी’ म्हणू लागला की पुस्तक त्याच्या हातात द्या आणि आधी खूण करून ठेवलेला परिच्छेद वाचायला सांगा. दीडशे शब्द वाचायला मिनिट-सव्वा मिनिट लागतं, तेवढ्यात सूर खाली येतो.

वेळेचं म्हणाल तर दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय मिळून दहा मिनिटांवर जाता कामा नयेत. परिचय दीड मिनिटाचा. पाहुण्याच्या पदांची यादी पत्रिकेत छापलेली असतेच, ती पुन्हा वाचून कुणाचं भलं होत नाही. शाल-श्रीफळ शेवटी. गप्पा पंचेचाळीस मिनिटं, श्रोत्यांचे प्रश्न पंधरा, आणि शेवटच्या एसटीच्या आधी आभार.

प्रश्न : एका ज्येष्ठ दशावतारी कलावंताला आणि एका रापणकराला (किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्याला) बोलवायचं आहे. दोघंही म्हणतात, ‘आम्ही पुस्तकं वाचूक नाय.’ तरीही बोलवावं का? (मालवण)

उत्तर : जरूर बोलवा. फक्त पत्रिकेवर ‘आवडतं पुस्तक’ असं छापू नका, ‘ऐकलेली गोष्ट’ छापा. दशावतारात संवादांची लिखित संहिता पारंपरिकपणे नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर बोलता बोलता रचतो. त्याच्या मागे आयुष्यभर कानांवर पडलेल्या पुराणकथा असतात. कोकणात श्रावणात घरोघरी पोथी लागायची, श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ वाचले जायचे. वाचणारा एक, ऐकणारं सगळं घर. तेव्हा ‘काय वाचलंत?’ ऐवजी ‘तुमका ही गोष्ट कोणी सांगल्यान?’ असं विचारा. पोथी कोण वाचायचं, अर्थ कोण सांगायचं, मुलं कुठे बसायची, कुठल्या अध्यायाला झोप यायची?

एक प्रयोग जरूर करा. कलावंताला राजपार्टाचे (राजाच्या भूमिकेचे) किंवा स्त्रीपार्टाचे (स्त्रीभूमिकेचे) दोन-तीन मिनिटांचे संवाद बोलायला सांगा. मग तोच प्रसंग पोथीतून कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि विचारा : ‘तुम्ही यात काय वाढवलंत, काय गाळलंत, आणि का?’ आधी कलावंत, मगच पोथी. क्रम उलटा झाला तर तो पोथीशी जुळवून बोलायला लागतो.

मालवणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत आणायचा खटाटोप करू नका. तुम्हाला मालवणी येत नसेल तर स्वतःच्या मराठीत विचारा, नक्कल कानाला बोचते. गावात त्यांना काका, आबा जे म्हणत असतील तेच म्हणा; ‘सर’ म्हटलं की माणूस आक्रसतो. रापणकरांसाठी जून-जुलै बरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळी समुद्रात रापणही सहसा लागत नाही. पण दिवसा जाळ्यांची डागडुजी चालू असते, म्हणून संध्याकाळची वेळ ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आसपास कुणी हाती लागणार नाही.

प्रश्न : गप्पांचं ध्वनिमुद्रण करतो, पण पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही. नंतर संगणकावर साफ करता येईल का? (गुहागर)

उत्तर : पंख्याची एकसुरी घरघर काढता येते, पाऊस नाही. पावसाचा आवाज सतत बदलतो आणि स, श, च, फ या व्यंजनांच्याच पट्ट्यात पसरतो. तो पुसला की शब्दांच्या कडाही पुसल्या जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून जागा बदला. पत्र्यापेक्षा कौलं बरी, कौलांपेक्षा स्लॅब, आणि पडवीपेक्षा माजघर. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गिलावा केलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा, मागे रेंगाळणारी आवाजाची शेपटी ऐकू आली तर जमिनीवर सतरंज्या आणि पाहुण्याच्या मागे गोधडी टांगा.

कंडेन्सर माईक खोलीतलं सगळं टिपतो. पावसात मुख्यतः जवळचाच आवाज घेणारा डायनॅमिक माईक वापरा, तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला. प्रत्येकाला वेगळा. कॉलर माईक असेल तर पदराखाली किंवा कडक इस्त्रीच्या सदऱ्याच्या घडीत लावू नका, घासल्याचा आवाज येतो. टेबलावर कापड घाला, बांगड्यांची किणकिण कमी होते. मुद्रणाच्या मीटरवर आवाजाची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल तासाला साधारण ३४५ एमबी घेते. मोबाइलवर मुद्रण करत असाल तर तेवढी जागा आधी मोकळी करा आणि एअरप्लेन मोड लावा. वीज जाणार हे धरूनच चाला : मुद्रण बॅटरीवर. सुरुवातीला वीस सेकंद कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या, पंख्याची घरघर काढताना तोच नमुना लागतो. सर जोराची आली तर थांबा. चहा घ्या.

प्रश्न : पुस्तकातले उतारे वाचून ते मुद्रण इंटरनेटवर टाकलं तर चालेल का? (राजापूर)

उत्तर : प्रकाशित पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा लोकांसमोर वाचायला कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२ नुसार मोकळीक आहे. मुद्रण करून कायमचं इंटरनेटवर ठेवणं हा वेगळा वापर. तिथे लांब उतारा असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११पासून मुक्त आहे. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे ‘ययाति’वर २०३६ अखेरपर्यंत हक्क आहेत. अनुवाद असेल तर अनुवादकाचे हक्क स्वतंत्र धरा.

पाहुण्याचीही लेखी संमती घ्या, आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांत एखादा भाग गाळायला सांगण्याची मुभा त्यातच लिहा. पुस्तकाबद्दल बोलताना घरातलं बरंच काही निघून जातं.

प्रश्न : पाहुणे जुनी प्रत आणतात, तिला कधी बुरशी असते, कधी कसर. काय करावं? (वेंगुर्ले)

उत्तर : बुरशीची प्रत बाकीच्या पुस्तकांत मिसळू नका. मास्क लावून, उघड्यावर, कोरड्या मऊ ब्रशने कडेच्या दिशेने झटका. ओलं फडकं नको आणि थेट ऊनही नको, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह आवरा, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. प्रत श्रोत्यांत फिरवू नका, पहिल्या पानाचा आणि समासातल्या खुणांचा फोटो पडद्यावर दाखवा. परत देताना पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नुसतीच कोंबू नका, आत दमट हवा अडकते. आधी कोऱ्या कागदात गुंडाळा आणि वरून पिशवी, ती फक्त घरी पोहोचेपर्यंत.