वाचकांचे प्रश्न : पन्नाशीनंतर गाण्याचे ऑनलाइन वर्ग

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी घरीच मुलींना शास्त्रीय गायन शिकवते. यजमानांची नोकरी सुटल्यापासून घरखर्चाला हातभार लावणे मला भाग आहे. भाचीने यूट्यूबवर चॅनल सुरू करून दिले, पण सदस्य दोनशेच्या पुढे जात नाहीत आणि उत्पन्न काहीच नाही. अलीकडे एका व्यक्तीने पाच हजार रुपयांत आठवड्याभरात हजार सदस्य मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. पैसे भरावेत का? आणि या वयात हा मार्ग मला जमेल का?

उत्तर : ताई, ते पैसे मुळीच भरू नका. यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सदस्यांखेरीज मागील १२ महिन्यांत ४,००० तास चित्रफिती पाहिल्या गेलेल्या असाव्या लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना (यूट्यूबवरील अगदी छोट्या चित्रफितींना) १ कोटी व्ह्यूज मिळावे लागतात. विकतचे सदस्य चित्रफिती पाहत नाहीत, त्यामुळे तासांची अट तशीच राहते. शिवाय बनावट सदस्य यूट्यूब काढून टाकते आणि प्रसंगी चॅनलही बंद करते. अट पूर्ण झाली तरी पहिली रक्कम हाती येण्यासाठी १०० डॉलर जमावे लागतात.

म्हणून आपले उत्पन्न जाहिरातींतून नव्हे, तर शिकवण्यातूनच यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चॅनलचे काम एवढेच, की आपली शिकवण्याची पद्धत दूरच्या विद्यार्थ्याला दिसावी. पूर्ण राग गाऊन टाकण्यापेक्षा यमनमध्ये तीव्र मध्यम डळमळतो तो कसा सावरावा, भूपातला एखादा पलटा कसा घोटावा, अशा एकेका अडचणीवर पाच-सात मिनिटांची चित्रफीत करा आणि तिच्याखाली वर्गाची माहिती द्या. पारंपरिक बंदिश स्वतः गाण्यास हरकत नाही. मात्र एखाद्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा जोडल्यास तिची मालक कंपनी स्वामित्वहक्काचा दावा करू शकते.

वयाची चिंता तर आपण सोडूनच द्यावी, कारण गुरूच्या पाठीशी वर्षांची तालीम आहे हे पाहूनच पालक मूल सोपवतात. ज्या गावात १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेथे आपण शिकवता, हे चॅनलच्या परिचयात अवश्य लिहा. परदेशातील मराठी कुटुंबांचाही विचार करावा : आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. पहाटेच्या रियाजाची सवय असणाऱ्यांना ही वेळ गैरसोयीची वाटू नये.

खरी अडचण आवाजाची आहे, आणि पुष्कळ शिक्षक तिच्यामुळेच निराश होऊन वर्ग सोडतात. ऑनलाइन वर्गासाठी वापरली जाणारी झूमसारखी साधने सतत चालणारा ध्वनी गोंगाट समजून दाबतात, त्यामुळे तानपुरा नाहीसा होतो आणि लांबवलेला षड्जही (सा) तुटक ऐकू येतो. यासाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय सुरू करावा. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागत असल्याने दोघांना एकत्र गाता येत नाही, हे आधीच मान्य करून चालावे. आपण ओळ गावी आणि थांबावे. मग विद्यार्थ्याने स्वतःकडे तानपुरा व ठेका लावून ती म्हणावी, आणि तेवढा वेळ आपला माइक बंद असावा. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत संपते, पण नवशिक्यासाठी तेवढा वेळ पुरेसा आहे.

शुल्क महिन्याच्या सुरुवातीस आगाऊ घ्यावे आणि नातेवाइकांच्या मुलांनाही तोच नियम लावावा. संकोचापोटी दिलेली सवलत पुढे मागे घेता येत नाही. या मिळकतीची नोंद ठेवून ती आयकर विवरणपत्रात दाखवावी. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे शुल्क भरण्यासाठी म्हणून कोणी पालक आपल्याला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगू लागला तर तो करू नये, आणि ‘चुकून जास्त रक्कम गेली, परत करा’ असे म्हणाला, तर बँकेच्या खात्यात खरोखर पैसे जमा झाले आहेत का ते स्वतः पाहिल्याशिवाय काहीही करू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.