आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या जपानी तलवारीवरची सही कशी ओळखायची? गंज घासून काढू का?

गंज अजिबात घासू नका. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, लिंबू, काहीच नको. मुठीत जाणाऱ्या पात्याच्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात आणि तिथला गंज हाच पात्याच्या वयाचा मोठा पुरावा. शेकडो वर्षांचा गंज काळपट आणि गुळगुळीत बसलेला असतो, युद्धकाळातला लालसर, पातळ. सहीच्या खाचांतही तोच काळपटपणा हवा. बाहेर जुना गंज आणि खाचा मात्र कोऱ्या दिसल्या, तर सही मागाहून कोणीतरी कोरली आहे असं समजा. एकदा घासलंत की हे ताडून बघायची सोयच गेली.

अक्षरं पुसट असतील तर थोडी टाल्कम पावडर बोटाने फिरवा, बॅटरी एका बाजूने तिरपी धरा आणि फोटो अगदी समोरून घ्या. फोटो दोन्ही बाजूंचे हवेत. सही वरून खाली वाचतात. बहुतेक वेळा आधी प्रांत, मग गाव, मग ‘राहणार’ या अर्थाचं ‘जू’ आणि शेवटी कारागिराचं नाव. ‘नोशू सेकी जू कानेमोतो’ म्हणजे मिनो प्रांतातल्या (नोशू हे मिनोचंच दुसरं नाव) सेकी गावचा कानेमोतो. हे सेकी आजच्या गिफू प्रांतात आहे. तिथल्या कितीतरी कारागिरांची नावं ‘काने’ने सुरू होतात, त्यामुळे पहिलं अक्षर जुळलं एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

मागच्या बाजूला तारीख असू शकते. ‘शोवा’ या जपानी कालखंडाच्या वर्षाच्या आकड्यात १९२५ मिळवा: शोवा १८ म्हणजे १९४३. महिना बरेचदा दुसरा किंवा आठवाच कोरलेला सापडतो. ती जुनी रीत आहे, पातं त्याच महिन्यात घडलं असं त्यावरून ठरत नाही. सहीच्या वर बारीक शिक्का आहे का तेही बघा. चांदणीचा शिक्का लष्कराने नेमलेल्या, पारंपरिक पद्धतीने घडवणाऱ्या कारागिरांच्या पात्यांवर असे. इतर शिक्के बहुधा युद्धकाळातल्या कारखानी मालाचे.

म्यान लष्करी आहे म्हणून पातंही १९४० च्या दशकातलंच, असं मात्र धरू नका. अनेक अधिकारी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून लढाईवर गेले होते. अशी पाती कधीकधी खालून कापून आखूड केलेली असतात आणि सही त्या तुकड्याबरोबरच गेलेली असते.

नाव वाचता आलं तरी काम निम्मंच झालं. सुकेसादा नावाचे कारागीर बिझेन प्रांतात पिढ्यानपिढ्या होऊन गेले. एदोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) कोतेत्सू या कारागिराच्या खोट्या सह्या तर त्याच्या हयातीपासून कोरल्या जात आल्या आहेत. म्हणून जाणकार आधी पात्याचा आकार, पोलादाची वीण आणि धारेलगतची पांढुरकी रेघ बघतात आणि सही त्याच्याशी जुळते का ते शेवटी. टोकियोतली जपानी तलवारींचं जतन करणारी संस्था, एनबीटीएचके, प्रमाणपत्र देते तेही पातं प्रत्यक्ष पाहून. सही खोटी ठरली तर देत नाही.

जाणकाराला फोटो पाठवाल तेव्हा त्यांबरोबर पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि नाकागोला किती भोकं आहेत तेही लिहा. जास्तीचं भोक म्हणजे पातं आखूड केल्याची किंवा मूठ बदलल्याची खूण असू शकते.