√७२ बघून कॅल्क्युलेटर उचलू नकोस

वर्गमुळाला सोपं रूप द्यायचं तर आधी स्वतःला विचार: ७२ ला जिने पूर्ण भाग जातो अशी सर्वांत मोठी पूर्ण वर्ग संख्या (४, ९, १६ अशी, एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असलेली) कोणती? ३६. म्हणजे √७२ = √३६ × √२ = ६√२. बरेच जण ९ × ८ करून ३√८ वर थांबतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे, कारण ८ मध्ये अजून ४ लपलेला आहे. त्यालाही बाहेर काढ.

मोठी संख्या सुचत नसेल तर सरळ मूळ अवयव पाड. √१८० घे: १८० = २×२×३×३×५. जोडीतला एक बाहेर येतो, एकटा आत राहतो: २×३×√५, म्हणजे ६√५. मला स्वतःला हीच रीत जास्त भरवशाची वाटते.

एक मात्र कधीच करू नकोस: बेरीज फोडणे. √(९+१६) म्हणजे √२५, म्हणजे ५. ३+४ करून ७ नाही.

आणि हा खटाटोप कशासाठी? √५० + √१८ बघ. जुळतच नाहीत असं वाटतं ना? सोपं रूप दे: ५√२ + ३√२. सरूप करण्या झाल्या, म्हणजे दोन्हींत मुळाखाली तोच २ आला, म्हणून बाहेरचे ५ आणि ३ मिळवता येतात: उत्तर ८√२. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता.

ताळा घ्यायला बाहेरच्याचा वर्ग करून आत गुणायचं: ६√२ साठी ३६ × २ = ७२.