तरंगणारा मावळा आणि अकरावीतली मुलगी

(तासगावहून एक आई लिहितात : मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणपतीत एका मंडळाने हवेत तरंगणारा मावळा दाखवला. तेव्हापासून 'मी होलोग्रामच करणार' म्हणून हटून बसली आहे. एका क्लासने सहा महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख सांगितलेत. भरू का?)

ताई, भरू नका. बारावी होईपर्यंत तरी नकोच.

तिने पाहिलं ते बहुतेक काचेवरचं प्रतिबिंब असावं. प्रेक्षकांना न दिसणारा पडदा खाली किंवा वर, आणि मध्ये 45 अंशांत तिरकी काच किंवा पातळ फिल्म. ही युक्ती 1862 मध्ये लंडनच्या रंगमंचावर आली, आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केल्यावर 19 वर्षांनी. 2022 साली इंडिया गेटपाशी नेताजींची 28 फुटी प्रतिमा दिसली, तीही प्रोजेक्टरने पारदर्शक पडद्यावर टाकलेली होती. खरा होलोग्राम वेगळा. तो वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींचीच नोंद ठेवतो, म्हणून मान हलवली की वस्तूची बाजूही दिसते. डेनिस गाबोर यांना ही कल्पना 1947 मध्ये सुचली, पण लेसर आल्यावरच ती नीट साधली. 1971 चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

हा फरक मुलीला हातानेच कळू द्या. अंधाऱ्या खोलीत मोबाईल टेबलावर आडवा ठेवा, काळ्या पार्श्वभूमीचं चित्र लावा आणि त्यावर फाईलचं पारदर्शक प्लास्टिक 45 अंशांत धरा. चित्र प्लास्टिकच्या मागे उभं दिसेल. आता मागे एक काडेपेटी अशी सरकवत न्यायची, की डोकं इकडेतिकडे हलवलं तरी चित्र आणि पेटी एकमेकांपासून सरकणार नाहीत. प्रयोगशाळेत पिना लावून पॅरलॅक्स, म्हणजे डोकं हलवल्यावर दिसणारं हे सरकणं, घालवतात, तसंच हे. मग पट्टीने मोजा : प्लास्टिकच्या एकाच बिंदूपासून पेटी सरळ मागे जेवढी, तेवढाच मोबाईल सरळ खाली.

या मोजण्यात ती रमली, तर तिची वाट ऑप्टिक्सची, म्हणजे प्रकाशाच्या अभ्यासाची. फिजिक्समध्ये बीएस्सी करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी करता येते. कोचीच्या विद्यापीठात बारावीनंतर फोटॉनिक्सचा पाच वर्षांचा एमएस्सी आहे. मोजमापापेक्षा तसा मावळा पडद्यावर चालता करायलाच जास्त मजा आली, तर वाट कॉम्प्युटर ग्राफिक्सची. हलती त्रिमितीय चित्रं बनवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच सुरू करू दे. नंतर सीईटी देऊन सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळालं, तर घरापासून तासाभराच्या आत.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगेन. तिने गणित सोडलेलं नाही ना, हे आज विचारा. 'बायोलॉजी घे, गणित जड जातं' असं ऐकून गणित सोडलेली मुलं माझ्याकडे बारावीनंतर येतात, तेव्हा या दोन्ही वाटा जवळजवळ बंद झालेल्या असतात आणि मला फार वाईट वाटतं. सोडलं असेल, तर विषय बदलता येतो का ते उद्याच कॉलेजात जाऊन विचारा.

आणि काडेपेटीचं माप तिने स्वतःच्या अक्षरात मला लिहून पाठवावं.