अ‍ॅपच हवं हे कुणी ठरवलं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आशाताईंसाठीचा तुझा आराखडा वाचला. टप्पे, तारखा, जबाबदाऱ्या, सगळं नेटकं आहे. पण पहिल्याच आठवड्यात 'अ‍ॅपचं काम सुरू'? अ‍ॅपच हवं हे कुणी ठरवलं? 'डिझाइन थिंकिंग'ला, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून उपाय शोधायला, एक दिवस दिलायस, तोही जिल्ह्याच्या हॉटेलात. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लागतील, जेवण होईल, आणि आशाताईंचा त्या दिवसाचा मोबदला बुडेल.

गडचिरोलीतलं काम बघ. डॉ. राणी आणि अभय बंग 1986 पासून तिथे आहेत. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. या आजारात श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर 'साक्षरता प्रशिक्षण' असा टप्पा घातला असता! त्यांनी दाईला येतं तिथून सुरुवात केली. दहापर्यंत मोजता येतं ना? मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू.

हे कार्यशाळेत सुचत नाही, दाईच्या शेजारी बसून सुचतं. म्हणून पहिले तीन महिने फक्त सोबत फिरण्यासाठी ठेव. त्यानंतर आराखडा बदलायची मुभा देणगीदाराकडून आधीच लेखी घे, नाहीतर अहवालात 'विलंब' म्हणून तुझ्याच माथी मारतील.

दुसरी गोष्ट. तुझा प्रकल्प अठरा महिन्यांत संपतो. एकोणिसाव्या महिन्यात सर्व्हरचं बिल कोण भरणार? नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचे गडचिरोलीतले निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि 2011 पासून सरकारने ती पद्धत आशांमार्फत देशभर नेली. बाळंतिणीच्या घरी आज आशाताई जातात त्या भेटींमागे हे काम आहे. सरकारला ते उचलता आलं, कारण गावातलीच बाई ते करू शकते हे आधी सिद्ध झालं होतं. तुझं काम उद्या तालुका आरोग्य कार्यालयाला चालवता येईल का, हे आत्ताच त्यांच्याकडे जाऊन विचार. तिथला डेटा एंट्री ऑपरेटर सगळ्यात खरं सांगेल.

खर्चाचा तक्ता अजून बघितला नाही. त्यात देखभाल-दुरुस्तीच्या खर्चाची ओळ घातलीस की परत पाठव.

तुझी,
मावशी