मॅजिक किंगडममध्ये लायटनिंग लेन कोणत्या राइडसाठी घ्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डमधील मॅजिक किंगडमसाठी आपल्याकडे जुलैतला एकच दिवस आहे, सोबत पाच आणि नऊ वर्षांची मुले व भारतातून आलेले आई-वडील आहेत, आणि लायटनिंग लेन मल्टी पासमध्ये (पैसे देऊन घ्यायचा, ठरलेल्या वेळी साध्या रांगेऐवजी वेगळ्या, जलद रांगेतून आत सोडणारा पास) आगाऊ निवडता येणारी तीन आरक्षणे कोणत्या राइडसाठी वापरावीत हे ठरत नाही. मी अमेरिकेत राहतो आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन या उद्यानात अनेकदा गेलो आहे. माझे मत स्पष्ट आहे: राइड किती प्रसिद्ध आहे हे पाहू नका, तिच्यात तासाभरात किती माणसे बसून जातात आणि आपण तिथे पोहोचाल त्या वेळी रांग किती असेल, एवढेच पाहा.

'पीटर पॅन्स फ्लाइट' ही राइड 1971 मध्ये, उद्यान सुरू झाले त्याच वर्षी, उघडली. ती जेमतेम तीन मिनिटांची आहे, तिच्यात थरारक असे काही नाही, आणि तरीही तिच्याइतके आरक्षणास पात्र असे उद्यानात फार थोडे आहे. छताला टांगलेल्या एकेका जहाजात दोन-तीन माणसेच बसतात. उंचीची अट नसल्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळेच रांगेत उभे राहतात. आणि लायटनिंग लेनमधून येणाऱ्यांना प्राधान्याने सोडले जात असल्यामुळे मुळातच कमी असलेल्या जागांतल्या आणखी थोड्याच जागा साध्या रांगेच्या वाट्याला येतात. बाहेरून आखूड दिसणारी ती रांग म्हणूनच दुपारी पुढे सरकत नाही. याउलट 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ची रांग लांबलचक दिसली तरी घाबरू नये, कारण तिथे एकेका होडीत बाकांच्या अनेक ओळी असतात, होड्या सतत सुटत राहतात आणि थांबण्याची बहुतेक जागा छपराखाली, थंड हवेत आहे. 'हाँटेड मॅन्शन'मध्ये तर बसण्याच्या गाड्या न थांबता एकामागून एक येतच राहतात.

'डंबो' या उडत्या हत्तींच्या राइडविषयी वेगळे सांगायला हवे, कारण लहान मुले असलेल्या कुटुंबांना तिचे आरक्षण घ्या असा सल्ला सर्रास मिळतो. 2012 मध्ये उद्यानातल्या फँटसीलँड या भागाचा विस्तार झाला तेव्हा तिथे हत्तींचे एकाऐवजी दोन पाळणे झाले आणि बसणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. तो जुना सल्ला त्यामुळे आता गैरलागू आहे. सकाळी लवकर किंवा रात्री आतषबाजीच्या सुमारास गेल्यास सहसा फार थांबावे लागत नाही.

आगाऊ आरक्षण करताना राइडचे दोन गट दिलेले असतात. पहिल्यातून एक आणि दुसऱ्यातून दोन निवडता येतात. कोणती राइड कोणत्या गटात आहे हे अधूनमधून बदलते, म्हणून डिस्नीच्या ॲपमध्ये एकदा खात्री करून घ्यावी. आपल्या कुटुंबासाठी मी पहिल्या गटातून पीटर पॅन आणि दुसऱ्या गटातून 'विनी द पू' व 'हाँटेड मॅन्शन' घेईन. मॅन्शनची रांग हलती असली तरी भर दुपारी तिचा बराच भाग उन्हात असतो, आणि ज्येष्ठ माणसे सोबत असताना उन्हातली वीस मिनिटे ही सावलीतल्या चाळीस मिनिटांपेक्षा जड जातात. तिन्हींपैकी निदान एक वेळ शक्य तितकी सकाळची घ्या, कारण एक आरक्षण वापरले की लगेच पुढचे करता येते आणि त्या वेळी गटांचे बंधन उरत नाही. 'जंगल क्रूझ' ही होडीतली राइड तेव्हा मिळवता येईल. डिस्नीच्या हॉटेलात उतरणार असाल तर मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, अन्यथा भेटीच्या तीन दिवस आधी, तिथल्या वेळेनुसार सकाळी सातला आरक्षण खुले होते.

पैसे देण्यापूर्वी घरीच धाकट्याची उंची मोजा. 'स्पेस माउंटन' आणि 'ट्रॉन' या रोलर कोस्टरपैकी पहिलीसाठी 112 सेंटीमीटर आणि दुसरीसाठी 122 सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे पाच वर्षांचे मूल ट्रॉनमध्ये जवळजवळ नक्कीच बसू शकणार नाही. ट्रॉनचा पास मल्टी पासमध्ये येत नाही, तो प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र विकत घ्यावा लागतो. तेव्हा तो सगळ्या कुटुंबासाठी न घेता थोरले मूल आणि त्याच्यासोबत जाणारे एक पालक एवढ्यांपुरताच घ्यावा. दोन्ही पालकांना जायचे असेल तर 'रायडर स्विच' ही विनामूल्य सोय तिथल्या कर्मचाऱ्याकडे मागा: एकजण धाकट्याजवळ थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

मल्टी पासही माणशी घ्यावा लागतो आणि त्याचा दर तारखेनुसार बदलतो, म्हणून आई-वडिलांसाठी तो घ्यावा की नाही हे त्यांनाच विचारून ठरवावे. माझा आग्रह मात्र असा आहे की मी सुचवलेल्या तिन्ही राइड त्यांनाही झेपणाऱ्या आहेत, तेव्हा पास घ्यायचाच असेल तर त्यांनाही घ्यावा. इतक्या लांबून आलेल्या माणसांना बाकावर बसवून पिशव्या राखायला लावणे मला पटत नाही.

राहता राहिला जुलैतला पाऊस. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस वारंवार येतो आणि जवळपास विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात. म्हणून 'जंगल क्रूझ', 'डंबो' आणि 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' दुपारपूर्वी उरकाव्यात, आणि पीटर पॅन, पू व मॅन्शन यांपैकी निदान दोन आरक्षणे दोन ते पाचच्या दरम्यान ठेवावीत. आपल्या वेळेत एखादी राइड बंद पडलीच, तर ते आरक्षण सहसा वाया जात नाही. ॲपमध्ये ते आपोआप बदलते आणि दिवसभरात ती राइड सुरू झाल्यावर किंवा तिथे दाखवलेल्या इतर राइडपैकी एखादीसाठी वापरता येते.